खुब्याच्या अस्थिभंगातील वेदना व मज्जातंतूंचे बधिरीकरण

वृद्धावस्थेत हाडे ठिसूळ झाल्यामुळे न्हाणीघरात पाय घसरण्यासारखे क्षुल्लक निमित्तही मांडीच्या हाडाचे वरचे टोक मोडण्यास पुरेसे होते. यालाच व्यवहारात खुबा मोडणे असे म्हणतात. शस्त्रक्रिया हाच बहुधा त्यावरील उपाय असतो. परंतु ती होईपर्यंत रुग्णाच्या वेदनेचे निवारण कसे करावे, हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही.

या वेदनेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. रुग्ण निश्चल पडून असता ती पुष्कळदा सह्य असते. पण क्ष-किरण चित्रासाठी त्याला हलविले, कूस पालटली, किंवा कण्यात भूल देण्यासाठी उठवून बसविले, की ती असह्य होते. मॉर्फीनसारखी औषधे स्थिर अवस्थेतील वेदना शमवितात; हालचालीच्या वेळची वेदना दाबावयाची तर त्यांची मात्रा वाढवावी लागते. वृद्ध शरीरात अशा मात्रेने श्वसन मंदावणे, मलावरोध, गुंगी व बुद्धिभ्रम हे विकार संभवतात. म्हणून वेदनेचा संदेश मेंदूकडे जात असता वाटेतच अडविणे अधिक श्रेयस्कर ठरते.

या उपायाचे मूलतत्त्व जुने आहे. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी १८८४ साली कोकेनच्या साहाय्याने डोळा बधिर करून दाखविला. मज्जातंतूत सोडियमचे आयन शिरल्याने संदेश पुढे सरकतो. लिग्नोकेन, ब्युपिव्हाकेन इत्यादी द्रव्ये या आयनांचे प्रवेशमार्ग काही काळ बंद करतात. औषधाचा अंमल ओसरला की तंतूचे कार्य पूर्ववत् सुरू होते.

औषध नेमके कोठे सोडावे, हे मात्र शरीररचनेच्या ज्ञानावर अवलंबून आहे. खुब्याच्या सांध्याभोवतीच्या संपुटाच्या पुढील भागात वेदनावाहक तंतू अधिक असतात, आणि तेथे मुख्यतः फीमोरल व ऑब्ट्युरेटर या मज्जातंतूंच्या शाखा पोचतात. १९७३ साली अमेरिकेतील अ‍ॅलन विनी यांनी जांघेत फीमोरल मज्जातंतूजवळ एकच सुई टोचून तीन मज्जातंतू बधिर करण्याची रीत मांडली. परंतु तीत ऑब्ट्युरेटर मज्जातंतू वारंवार निसटतो असे पुढे आढळून आले. १९८९ साली फ्रान्समधील बर्नार दालाँ यांनी लहान मुलांवरील शस्त्रक्रियांसाठी इलियाकस स्नायूवरील पटलाखाली औषध सोडण्याची पद्धती प्रसिद्ध केली. या पद्धतीत सुई मज्जातंतू व मोठ्या रक्तवाहिन्या यांपासून दूर राहते, आणि भरपूर प्रमाणात सोडलेले औषध पटलाखाली आपोआप पसरते. प्रौढांना सामान्यतः ३० ते ४० मिलिलीटर द्रावण देतात. या दोन्ही रीतींत मांडीचे स्नायू काही काळ दुर्बल होतात. २०१८ साली टोरांटो येथील फिलिप पेंग व त्यांचे सहकारी यांनी अल्ट्रासाऊंडच्या चित्रात पाहून सांध्याकडे जाणाऱ्या शाखांजवळच औषध सोडण्याची रीत वर्णिली. तीत स्नायूंची शक्ती बहुतांशी टिकून राहते.

या उपायाचा लाभ केवळ तर्कावर आधारलेला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत ४९ चाचण्यांतील तीन हजारांहून अधिक रुग्णांचा विचार केला गेला. बधिरीकरणानंतर ३० मिनिटांच्या आत हालचालीच्या वेळची वेदना कमी होते व बुद्धिभ्रमाचे प्रमाणही घटते, असा तिचा निष्कर्ष आहे.

तथापि काही सावधगिरी अवश्य बाळगावी लागते. औषध चुकून रक्तवाहिनीत गेल्यास झटके येणे किंवा हृदयक्रिया बिघडणे शक्य असते. म्हणून वजनानुसार मात्रा ठरविणे, थांबून थांबून औषध सोडणे, रुग्णावर लक्ष ठेवणे आणि अशा प्रसंगी उपयोगी पडणारे स्निग्ध पायस हाताशी असणे आवश्यक होय. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हेही आधी विचारावे.

शेवटी एका धोक्याचा निर्देश करणे प्राप्त आहे. वेदना शमली म्हणजे हाड सांधले असे नव्हे. रुग्ण शांत पडून आहे, तेव्हा शस्त्रक्रियेस विलंब झाला तरी चालेल, असा समज होण्याची भीती असते. दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याने शय्याव्रण, फुप्फुसांचा दाह व रक्ताच्या गुठळ्या संभवतात. इंग्लंडमधील नाइस या संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत, मज्जातंतूंचे बधिरीकरण हा त्वरित शस्त्रक्रियेचा पर्याय मानू नये, असे स्पष्टपणे बजावले आहे. शस्त्रक्रियेपर्यंतची वाट सुसह्य करणे हे या उपायाचे कार्य. ती वाट लांबविण्यास तो निमित्त होऊ नये.