पाकळ्या वाढल्या, केसर गेले

डबल जास्वंदीचं फूल हातात घ्या आणि बाहेरून आत एकेक पाकळी सोडवत जा. बाहेरच्या पाच पाकळ्या ऐसपैस, नीटस. आतल्या मात्र लहान आणि चुण्या पडलेल्या. त्यातल्या एखादीच्या कडेला पिवळ्या परागांची बारीकशी पिशवी अजून चिकटलेली सापडते. ही पाकळी खरं तर पुंकेसर व्हायची होती.

असं का होतं, याची उकल 1991 मध्ये ब्रिटनचे एन्रिको कोएन आणि अमेरिकेचे एलियट मेयरोविट्झ यांनी मांडली. एकाचा अभ्यास आपल्या रोपवाटिकांत मिळणाऱ्या डॉगफ्लॉवरवर, दुसऱ्याचा मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या इवल्या रोपावर. फुलात बाहेरून आत निदलं, पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर अशी चार वलयं असतात. ती ठरवणारे जनुकांचे गट तीनच: अ, ब आणि क. एकटा अ असेल तिथे निदल, अ आणि ब मिळून पाकळी, ब आणि क मिळून पुंकेसर, एकटा क असेल तिथे स्त्रीकेसर. अ आणि क एकमेकांना आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. क निकामी झाला की अ थेट मध्यापर्यंत पसरतो आणि पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. फुलाची वाढ वेळेवर थांबवणं हेही क चंच काम. तो नसला की फुलाच्या पोटात पुन्हा नवं फूल सुरू होतं.

गुलाबाचं थोडं वेगळं आहे. रानगुलाबाला बहुधा पाचच पाकळ्या. बागेतल्या गुलाबात क शाबूत असतो, पण त्याची हद्द आक्रसून मध्याकडे सरकलेली असते. म्हणून भरगच्च गुलाबातही थोडे केसर उरलेले दिसतात.

मला सर्वांत थोर वाटतात ते जपानचे जुने माळी. तिथे असागाओ म्हणतात तो मॉर्निंग ग्लोरीचा वेल, आपल्याकडे ज्याचं बी काळादाणा म्हणून औषधात वापरतात. त्याच्या दुहेरी फुलात केसरच नसतात, त्यामुळे बी धरत नाही. एका उड्या मारणाऱ्या जनुकाने क गटातल्या जनुकात घुसून तो बंद पाडलेला असतो. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या माळ्यांनी ती फुलं पिढ्यान् पिढ्या टिकवली, तीही दुहेरी रोपाच्या एकेरी भावंडांचं बी जपून. हा दोष छुपा वाहणाऱ्या भावंडांच्या बियांतून चारात एक रोप दुहेरी निघतं. आनुवंशिकतेचं हेच गणित मांडणारा मेंडेलचा निबंध छापून आला तो त्यानंतर, 1866 मध्ये!

आपल्याकडे डबल तगर, डबल जास्वंद छाटकलमांवरच चालतात. शोभा पुरेपूर, पण केसर गेले की परागही गेले, आणि दाटीवाटीच्या पाकळ्यांतून मधापर्यंत पोचणंही अवघड. कुंडीत डबल जास्वंद लावणार असाल, तर मधमाश्या आणि शिंजीरांसाठी शेजारी एक साधी, पाच पाकळ्यांची जास्वंदही जरूर लावा.