वर्दी सारखी, घराणं वेगळं: टूकान पक्ष्यांच्या यादीची दुरुस्ती

आजची सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. मागे पक्ष्यांवर बोलताना मी सांगून टाकलं होतं की, दक्षिण अमेरिकेतला टूकान म्हणजे आपल्या धनेशाचा चुलतभाऊ. त्यावर बडोद्याच्या एका शाळकरी मुलीनं कळवलं, "आजोबा, त्या दोघांचं नातं नाही. फक्त चोच सारखी दिसते." मी शोधलं, वाचलं. मुलीचं बरोबर होतं. फौजेत चुकीचा रिपोर्ट गेला, तर दुरुस्त रिपोर्ट त्याच मार्गानं पाठवावा लागतो. म्हणून हा भाग.

चूक कशी झाली? अरुणाचलात पोस्टिंगवर असताना मी महाधनेश पुष्कळदा पाहिला. त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो, एकदा ऐकला की विसरत नाही. पुढे चित्रात टूकान पाहिला. तशीच भलीमोठी चोच, तसंच फळं खाणं, तसंच झाडाच्या ढोलीत घरटं. मी नातं जोडून मोकळा झालो. पायांकडे बघितलंच नाही. धनेशाची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. टूकानची दोन पुढे, दोन मागे, सुतार पक्ष्यासारखी. आपल्या धनेशाची मादी ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. टूकान तसं करत नाही. जनुकांचा पुरावाही हेच सांगतो. धनेश हा हुदहुदाच्या बाजूचा, तर टूकान सुतार पक्ष्यांच्या बाजूचा. मोठी चोच दोघांनी आपापल्या जंगलात स्वतंत्रपणे कमावली.

मग भारतात टूकानचं खरं नातेवाईक कोण? उन्हाळ्यात दुपारभर टुक्-टुक् करणारा आपला तांबट, आणि त्याचा भाऊबंद कुटुरगा! पूर्वी आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेतले सगळे तांबट एकाच कुळात धरत आणि टूकान वेगळ्या कुळात. डीएनए तपासल्यावर दिसलं की, अमेरिकेतले तांबट आपल्या तांबटापेक्षा टूकानला जास्त जवळचे आहेत. म्हणून आज आशियातल्या तांबटांचं कुळ वेगळं, आफ्रिकेतल्यांचं वेगळं आणि अमेरिकेतल्यांचं वेगळं मानतात.

हे डीएनएवरून कसं कळतं? पोथीचं उदाहरण घ्या. पूर्वी पोथ्या हातानं उतरवून घेत. एका लेखकाकडून एक अक्षर चुकलं, की त्याच्या प्रतीवरून केलेल्या पुढच्या सगळ्या प्रतींत ती चूक उतरायची. दोन पोथ्यांत त्याच जागी त्याच चुका सापडल्या, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून आल्या असं जाणकार ओळखतात. डीएनए ही चार अक्षरांची पोथी आहे. पिढ्यान् पिढ्या उतरताना तिच्यात बदल होतात. दोन पक्ष्यांत जितके बदल सामाईक, तितकं त्यांचं नातं जवळचं.

आता अॅमेझॉनच्या जंगलात जाऊ. पश्चिम भागात दोन टूकान एकाच रानात राहतात. दोघांचं अंग काळं, गळा पांढरा. एक थोडा मोठा, दुसरा लहान. लांबून ओळखायचे ते आवाजावरून: मोठा कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटतो, लहान बेडकासारखा डरावतो. वाटतं, ही सख्खी भावंडं. जेसन वेकस्टाइन या संशोधकानं 2005 साली मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा उलटंच निघालं. लहान टूकानचे जवळचे नातेवाईक दुसरेच, आणि त्यातल्या काहींचा गळा पिवळा-नारिंगी. म्हणजे वर्दी सारखी, पण घराणं वेगळं. रिचर्ड प्रम या पक्षीशास्त्रज्ञाचा अंदाज असा की, मोठ्यानं आपल्याला त्याच्यातलाच समजून हुसकावू नये, म्हणून लहानानं त्याचं रूप घेतलं असावं.

उलट प्रकारही आहे. त्या मोठ्या टूकानची पूर्वेकडे लालसर चोच आणि पश्चिमेकडे काळी चोच, म्हणून पूर्वी दोन प्रजाती मानत. पण जिथे ते एकत्र येतात तिथे सर्रास जोड्या जमतात, आणि डीएनएतही फारसा फरक नाही. आता ती एकच प्रजाती धरतात.

ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याकडच्या जंगलात केशरी-पिवळ्या अंगाचा एक छोटा टूकान आहे. दिसायला इतका निराळा की 1867 साली त्याच्या एकट्यासाठी 'बेलोनियस' नावाचा स्वतंत्र गट तयार केला गेला. 2004 मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी डीएनए पाहिला आणि तो अरासारी नावाच्या टूकानांपैकीच एक निघाला. एकट्याचं बिऱ्हाड मोडलं, पक्षी आपल्या माणसांत परतला.

मात्र डीएनए म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणजे अर्ध्याच घराण्याची हकिकत. म्हणून पेशीकेंद्रातला डीएनए, आवाज, आकार, सगळे साक्षीदार तपासावे लागतात. मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंत पसरलेला हिरवा छोटा टूकान घ्या. पूर्वी तो एकच प्रजाती होता. आज काही याद्यांत त्याच्या दोन प्रजाती आहेत, काहींत त्याहून जास्त. तज्ज्ञांत एकमत नाही.

तुम्ही म्हणाल, नावं बदलून काय साधतं? मंडळी, संरक्षण यादी बघून होतं. एखादा पक्षी मोठ्या प्रदेशात पसरलाय असं कागदावर असेल, तर त्याची काळजी कोणी करत नाही. पण त्यातला एका डोंगरापुरता गट वेगळी प्रजाती असेल आणि तो डोंगर बोडका झाला, तर ती प्रजाती आपल्या हजेरीपटावर चढण्याआधीच संपलेली असेल. ज्याचं नावच पटावर नाही, त्याला शोधायला कोण जाणार?

बडोद्याच्या त्या मुलीचे आभार. बेटा, नोंद दुरुस्त केली आहे. आणि बाकीच्यांनी उद्या तांबट ऐकला, तर त्याच्या पायांकडे जरूर बघा: दोन बोटं पुढे, दोन मागे. टूकानच्या घराण्याची ती खूण तुमच्या अंगणातल्या झाडावर बसलेली असेल.

जय हिंद.