ट्यूमर बोर्डाची बैठक : वेळेचा प्रश्न की भाषेचा?

एकाच रुग्णाच्या उपचाराविषयी निरनिराळ्या शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून निर्णय करावा, ही कर्करोगचिकित्सेत आता सर्वमान्य झालेली रीत होय. शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, केमोथेरपी देणारे डॉक्टर, बायोप्सी तपासणारे विकृतिशास्त्रज्ञ व स्कॅन वाचणारे तज्ज्ञ यांच्या या बैठकीस रुग्णालयात ‘ट्यूमर बोर्ड’ म्हणतात. इंग्लंडात १९९५ च्या कॅल्मन-हाइन अहवालानंतर ती दृढमूल झाली. परंतु रुग्णसंख्या वाढली तसा तिच्यावरील ताणही वाढला. तेथील २०१७ च्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्णांची चर्चा दोन मिनिटांत वा त्याहूनही आधी आटोपल्याचे आढळले.

वेळ अपुरा पडतो हे खरे. पण तो जातो कोठे, हा प्रश्न पुष्कळ अंशी भाषेचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील, वर्षानुवर्षे मिश्री लावणारी एखादी बाई कल्पावी. तिच्या गालात आतून ‘गाठ’ आहे आणि मानेतही ‘गाठ’ आहे. मराठीस दोहोंना एकच शब्द पुरतो. वैद्यकास पुरत नाही. कारण पहिली रोगाचे मूळ स्थान, तर दुसरी रसग्रंथी, आणि रोग तेथवर पोचला की नाही यावर उपचाराची दिशा अवलंबून. हा भेद नेमका करण्यासाठी पिएर दनुआ या फ्रेंच शल्यविशारदाने १९४३ ते १९५२ या काळात एक संकेतपद्धती रचली. ‘टी’ म्हणजे मूळ गाठीचा विस्तार, ‘एन’ म्हणजे रसग्रंथी, ‘एम’ म्हणजे दूरचा प्रसार. ‘टी २, एन १, एम ०’ एवढे लिहिताच तोंडाच्या कर्करोगाची तिसरी अवस्था सूचित होते. व्याकरणाच्या अभ्यासकास रोचक वाटावी अशी गोष्ट म्हणजे या संकेतांना उपसर्गही लागतो : निष्कर्ष प्रत्यक्ष तपासणी व स्कॅनवरून काढला, की शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखाली, हे तो सांगतो. तो गाळला की दोन तज्ज्ञ एकच चिन्ह उच्चारून भिन्न गोष्टी बोलू लागतात, आणि बैठक रेंगाळते.

दुसरी उणीव प्रश्नाच्या मांडणीत असते. ‘या रुग्णाविषयी चर्चा व्हावी’ हा प्रश्नच नव्हे. ‘शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार द्यावा काय?’ हा प्रश्न होय. आणि तो आधी लिहून पाठविला असता, बायोप्सीचा कोणता तपशील लागणार हेही आधीच कळते. रिपोर्ट हाती नाही म्हणून प्रकरण पुढल्या आठवड्यावर गेले, तर बोर्डाच्या वहीत एक ओळ वाढते. अकोल्याच्या त्या बाईस मात्र एस.टी.ची आणखी एक खेप पडते, तिच्या सोबत्याची मजुरी बुडते, आणि रोग थांबत नाही.

सर्वच प्रकरणांना चर्चा लागते असेही नाही. इंग्लंडातील २०२० च्या मार्गदर्शनानुसार, ज्यांचा उपचार ठरीव नियमांत बसतो त्यांची केवळ नोंद घेऊन गुंतागुंतीच्या प्रकरणांस वेळ राखता येतो. भारतात २०१२ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्याने सामाईक उपचारसूत्रे तयार केली आहेत. दूरच्या तज्ज्ञांस दृक्‌श्राव्य साधनांनी बैठकीत घेणेही आता शक्य आहे.

मात्र काटकसरीच्या भरात रुग्णाची हकीकत प्रथम कापली जाते, आणि ही काटकसर महाग पडते. बोर्डाचे निर्णय पुढे अमलात येत नाहीत, त्यामागे रुग्णाचे अन्य विकार वा त्याची इच्छा बैठकीस ठाऊक नसणे, ही कारणे पुनःपुन्हा आढळली आहेत. सहा-सात आठवडे रोज किरणोपचारास येणे त्या बाईस शक्य आहे काय? मुक्काम कोठे? तिचे मधुमेहाचे औषध चालू आहे काय? हे बहुधा परिचारिकेस किंवा समाजसेवकास माहीत असते, आणि बैठकीत त्यांना बोलण्याची पाळी क्वचितच येते. बैठकीपूर्वी भरावयाच्या तक्त्यात या उत्तरांसाठी एक रकाना ठेवण्यास फार तर चार ओळींची जागा लागेल.