शंभर नंबरी सतरा गावं



मागील महिन्यात आमच्या गट ऑफिसात आपल्या एका सभासदाचे चिरंजीव आले होते. हॉटेल मॅनेजमेंट करून ते पुण्यात एका हॉटेलात नोकरीला आहेत आणि आता 'सॉमेलिये'च्या परीक्षेची तयारी करीत आहेत. सॉमेलिये म्हणजे हॉटेलातला वाइनचा जाणकार. माल पारखून घेणे, तळघरात नीट सांभाळणे आणि कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन हे गिऱ्हाइकाला सांगणे, हे त्याचं काम. या धंद्यातील सर्वांत वरची परीक्षा लंडनमध्ये १९६९ साली प्रथम झाली. तिचे तीन भाग आहेत : तोंडी प्रश्न, वाढण्याचं काम आणि चव. चवीला सहा पेले पुढ्यात ठेवतात आणि २५ मिनिटांत द्राक्षाची जात, मुलूख व साल सांगायचं.

"साहेब, चवीचं जमेल हळूहळू, पण ही गावं काही पाठ होत नाहीत," असं म्हणून त्यांनी कागद पुढे केला. फ्रान्समधील शॅम्पेन भागातील १७ गावांची यादी होती. आम्हाला फ्रेंच येत नाही आणि वाइन आम्ही घेतही नाही. पण गाव, शिवार, जमीन, प्रत आणि भाव हा तर आमचा रोजचा धंदा. दोन रविवार दोघे मिळून बसलो. त्यातून जे समजलं ते सभासदांनाही उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

प्रतवारी नेमकी कशाची?

फ्रान्समध्ये उत्तम मालाला 'ग्रँ क्रू' म्हणतात. घोटाळा असा की, हा शब्द जागोजागी वेगळ्या वस्तूला लावतात. बोर्दो भागात १८५५ साली जी प्रसिद्ध प्रतवारी झाली, ती मळेवाल्या घराण्यांची, म्हणजे मालकाच्या नावाची. बर्गंडीत प्रतवारी रानाच्या तुकड्याची; बांधाच्या अलीकडे एक प्रत, पलीकडे दुसरी. आणि शॅम्पेनमध्ये प्रतवारी आख्ख्या गावाची. विद्यार्थ्याने पहिल्यांदा एवढंच विचारावं : इथे मोजलं काय, मालक, रान की गाव? हे कळलं की निम्मा अभ्यास झाला.

यादी नको, नकाशा काढा

आम्ही त्यांना ऊस नोंदीच्या कोऱ्या फॉर्मामागे नकाशा काढायला लावला. मधून मार्न नदी, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी. तिच्या काठी एपर्ने शहर, उत्तरेला रँस शहर. दोन शहरांच्या मधे रँसचा डोंगर. एपर्नेच्या दक्षिणेला पूर्वेकडे तोंड करून असलेला उतार, त्याला 'पांढरा उतार' म्हणतात, कारण तिथे शार्दोने हे पांढरं द्राक्ष लावतात. डोंगरावर मुख्यतः पिनो न्वार हे काळं द्राक्ष, तर नदीच्या खोऱ्यात पश्चिमेकडे मनिए हे दुसरं काळं द्राक्ष.

आता गावं बसवा. हिशेब नऊ, दोन, सहा.

१. डोंगरावर नऊ : अंबोने, बूझी, लूव्वा, व्हेर्झी, व्हेर्झने, माय्यी, सिलेरी, पुइझ्यो, बोमों.
२. नदीकाठी दोन : आई आणि तूर.
३. पांढऱ्या उतारावर सहा : शुयी, वारी, क्रामां, आवीझ, ओझे, ल मेनिल.

होय, एका गावाचा उच्चार 'आई' आणि दुसऱ्याचा 'वारी' असाच आहे. हे ऐकून चिरंजीव हसले आणि ती दोन गावं तिथेच पक्की झाली. आधी गावं १२ होती. १९८५ साली शुयी, वारी, ओझे, ल मेनिल आणि व्हेर्झी ही पाच वाढली. म्हणजे नव्या पाचांतली चार पांढऱ्या उतारावरची, हेही ध्यानात राहतं.

जमीन बहुतेक खडूची. आपल्याकडे चुनखडीच्या रानात ऊस केवडा पडून पिवळा होतो. तिथे वेलही पिवळी पडते. म्हणून चुना सोसणाऱ्या खुंटावर कलम करतात. पण हाच खडू जादा पाण्याचा निचरा करतो आणि ओल धरूनही ठेवतो.

टक्केवारी आली कुठून?

ही प्रतवारी कौतुकासाठी झाली नाही, ती भावाच्या भांडणातून झाली. तिथे बहुतेक मळे लहान शेतकऱ्यांचे आणि वाइन विकणाऱ्या कंपन्या मोठ्या. वेलींना मुळावरच्या किडीने ग्रासलेलं, १९१० साली पीक बुडालेलं, आणि व्यापारी बाहेरच्या मुलखातून स्वस्त द्राक्ष आणून शॅम्पेन म्हणून विकत. १९११ साली शेतकरी उठले. पिंपं फोडून वाइन ओतून दिली, एप्रिलमध्ये आई गावात व्यापाऱ्यांच्या इमारती पेटल्या. सरकारला लष्कर आणावं लागलं.

त्यानंतर गावांची टक्केवारी ठरली. हंगामाला एक मूळ भाव बांधायचा. १०० टक्क्यांच्या गावाला पूर्ण भाव, बाकीच्यांना आपापल्या टक्क्यांप्रमाणे. मूळ भाव किलोला १०० रुपये धरला, तर ९३ टक्क्यांच्या ओव्हिले गावाला ९३ रुपये. शंभर टक्के ते ग्रँ क्रू, ९० ते ९९ ते 'प्रेमिए क्रू', आणि अलीकडच्या काळात सर्वांत खाली ८० टक्के. सुमारे ३२० गावं या तक्त्यात होती. १९४१ साली मळेवाले व कंपन्या यांची संयुक्त समिती स्थापन झाली. १९९० साली बांधील भावाची पद्धत मोडली. आता करार आपापसात होतात, तरी ग्रँ क्रू हे नाव लेबलावर राहिलं आहे.

यात खोट कुठे?

गावाला एकच आकडा दिला की गावातलं उत्तम रान आणि पडीक कोपरा एकाच मापात जातो. मारय-सुर-आई हे गाव ९९ टक्क्यांचं. पण तिथल्या उभ्या दक्षिण उतारावरच्या 'क्लो दे ग्वास' या मळ्याची वाइन १९३५ पासून वेगळी काढतात आणि तिचं नाव जगभर आहे. एका टक्क्याने ते रान हलकं झालं नाही. म्हणून विद्यार्थ्याने आकडा पाठ करावा, पण आकडा म्हणजेच चव असं धरू नये.

सहकाराचंही एक उदाहरण सांगतो. माय्यी गावच्या मळेवाल्यांनी १९२९ साली सहकारी संस्था काढली. तळघरं सभासदांनी स्वतः खणली आणि आपल्याच गावच्या द्राक्षाची वाइन आपल्या नावाने विकली. अशा संस्थेच्या बाटलीवर बारीक अक्षरांत 'सी.एम.' ही खूण असते. परीक्षेत हीही विचारतात.

आणि आपण?

दर वर्षी सभेत एक प्रश्न हमखास येतो : "माझा ऊस गोड, मग भाव सगळ्यांना सारखाच का?" प्रश्न रास्त आहे. आपला दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर बसतो, तिथे गावाच्या टक्क्यांवर बसत होता. सरासरी लहान शेतकऱ्याला सांभाळून घेते, हे खरं. पण ती चांगल्याची मेहनत झाकते आणि आळशाची चूकही झाकते, हेही तितकंच खरं. एकाने पाचटा-मुळ्यांसकट शिळा ऊस काट्यावर आणला, तर त्याचा भुर्दंड शेजाऱ्याला बसतो. म्हणून तोड झालेला ऊस लगेच गव्हाणीत जाईल असं पाहा आणि माती परीक्षण करून घ्या. गावाचं नाव मोठं असलं तरी रान आपलं आपणच ओळखायचं असतं.

चिरंजीवांची परीक्षा अजून व्हायची आहे. जाताना त्यांनी सतरा गावं न अडखळता म्हणून दाखवली. नकाशाचा फॉर्म मात्र आम्ही ठेवून घेतला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी गट ऑफिसात यावं.

– ऊसविकास अधिकारी