मोटारसायकल सांगायची की लपवायची?

सरकारच्या एका खात्याला विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्या खात्याच्या हाती गेली तर? ही शंका घरोघरी असते. ती कधी अगदी खरी असते, तर कधी निराधार. मग फरक ओळखायचा कसा?

संध्याकाळची वेळ. ओसरीवर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई मांडीवर कागद घेऊन बसल्या आहेत. चहाचा कप बाजूला निवतो आहे. एकेक प्रश्न पुढे सरकतो.

"घरात माणसं किती?"

"सात."

"टीव्ही आहे?"

"आहे की."

"मोटारसायकल?"

सून 'आहे' म्हणणार, तोच आतून सासूबाईंचा खोकला ऐकू येतो. त्या खोकल्याचा अर्थ सुनेला बरोबर कळतो. "नाही बाई, ती अंगणातली ना, ती ह्यांच्या मित्राची आहे," ती म्हणते. बाई अंगणात पाहतात, सुनेकडे पाहतात आणि गालातल्या गालात हसून लिहून घेतात.

हे घर विदर्भातले असेल, मध्य प्रदेशातले असेल किंवा कर्नाटकातले. खोकला सगळीकडे सारखाच. शहरात तो मोटारसायकलसाठी नसतो, वरच्या खोलीतल्या भाडेकरूसाठी असतो. "भाडेकरू सांगितला तर घरपट्टी वाढेल," "दुकान सांगितले तर आयकरवाले येतील," "गाडी सांगितली तर रेशनकार्ड जाईल." माहिती देणारा माणूस समोरच्या बाईंना उत्तर देत नसतो. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या अदृश्य खात्यांना तो उत्तर देत असतो.

सासूबाई खोटे बोलायला लावतात म्हणून त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण त्यांची भीती अगदीच वेडगळ आहे का? याचे उत्तर २०११ सालाकडे पाहिले की मिळते.

एकच वर्ष, दोन पाहण्या

२०११ च्या फेब्रुवारी महिन्यात देशाची जनगणना झाली. त्याआधी घरयादीच्या वेळी घरात टीव्ही, सायकल, स्कूटर किंवा मोटारसायकल, मोटार आहे का, हे विचारले गेले होते. त्याच वर्षी जूनच्या अखेरीपासून आणखी एक मोठी पाहणी सुरू झाली. तिचे नाव सामाजिक, आर्थिक व जाती पाहणी. पुन्हा दारात माणूस आला, पुन्हा तसेच प्रश्न. फरक वरवर एवढाच दिसला, की पहिल्या वेळी कागद होता आणि दुसऱ्या वेळी हातात छोटे यंत्र.

पण खरा फरक डोळ्यांना दिसणारा नव्हता. तो कायद्याचा होता.

जनगणना १९४८ च्या जनगणना कायद्याखाली होते. त्या कायद्याच्या १५ व्या कलमानुसार प्रगणकाने भरलेले कागद पाहण्याचा अधिकार कोणालाही नाही आणि जनगणना कायद्याखालच्याच खटल्यांचा अपवाद सोडला तर ते न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. प्रगणकाने परवानगीवाचून माहिती फोडली तर तो गुन्हा ठरतो.

दुसरी पाहणी या कायद्याखाली नव्हती. तिथे दिलेली माहिती सरकारी खात्यांना कुटुंबांना लाभ देण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी वापरता येईल, असे सरकारनेच जाहीर केले होते. ग्रामीण भागात ज्या घरी मोटारसायकल, फ्रीज किंवा तारेचा दूरध्वनी असेल, ते घर गरिबांच्या यादीतून आपोआप वगळण्याचा नियम होता. पुढे घरकुल, गॅसजोडणी आणि आयुष्मान भारत या योजनांचे लाभार्थी ठरवताना याच पाहणीचा आधार घेतला गेला.

म्हणजे सासूबाईंचा खोकला एका वेळी अगदी निरर्थक होता आणि दुसऱ्या वेळी अगदी नेमका! पण कोणती वेळ कोणती, हे त्यांना कोणी समजावून सांगितले होते का? घरच्या बाईला दोन्ही वेळी दिसले ते सरकारचेच माणूस, सरकारचेच ओळखपत्र आणि तेच प्रश्न.

दोन्ही पाहण्यांचे हेतू चांगलेच होते. गरजूंपर्यंत मदत पोहोचवायची तर कोण गरजू, हे नावानिशी कळायलाच हवे. देशात किती घरांत चूल पेटते आणि किती घरांत गॅस, हे मात्र नावावाचूनही कळते. पहिल्या कामाला माणूस हवा असतो, दुसऱ्याला फक्त आकडा. या दोन कामांची सरमिसळ झाली की लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडतो.

जर्मनीत जनगणना थांबली

अशा सरमिसळीचे मोल पश्चिम जर्मनीने १९८३ साली मोजले. त्या देशात प्रत्येक नागरिकाला आपला पत्ता स्थानिक कार्यालयाच्या नोंदवहीत नोंदवावा लागतो. २७ एप्रिल १९८३ ला जनगणना ठरली होती. तिच्या कायद्यात एक कलम असे होते, की जनगणनेत मिळालेली माहिती या नोंदवहीशी ताडून पाहता येईल आणि नोंदवही दुरुस्त करता येईल. कारभाऱ्यांच्या दृष्टीने ही काटकसर होती. एकदा घरोघर जायचेच आहे, तर दोन्ही कामे उरकून घ्यावीत!

लोकांना मात्र ही काटकसर भोवली असती. आकडेवारीसाठी दिलेले उत्तर नावपत्त्यासह कचेरीच्या वहीत परत येणार होते. गावोगावी विरोध उभा राहिला, बहिष्काराची हाक दिली गेली. १३ एप्रिलला, जनगणनेला दोन आठवडे उरले असताना, घटनात्मक न्यायालयाने ती स्थगित केली. १५ डिसेंबर १९८३ ला अंतिम निकाल आला. आपल्याविषयीची माहिती कोणाला किती द्यायची, हे ठरवण्याचा हक्क माणसाचा आहे, असे न्यायालयाने मान्य केले. जनगणना बेकायदा ठरवली नाही, पण आकडेवारी आणि दैनंदिन कारभार यांच्यात भिंत हवी, असे बजावले.

सुधारलेल्या कायद्याने जनगणना झाली ती २५ मे १९८७ रोजी. तोवर संशय मनात मुरला होता. कित्येकांनी अर्जाच्या कोपऱ्यावरचा ओळखक्रमांक कात्रीने कापून अर्ज पाठवले. त्यानंतरची जनगणना थेट २०११ मध्ये झाली, तेव्हा देशाची लोकसंख्या समजुतीपेक्षा सुमारे १५ लाखांनी कमी निघाली. इतकी वर्षे कारभार चुकीच्या आकड्यावर चालला होता.

जर्मन लोक इतके हळवे का, असे कोणी विचारील. युरोपच्या आठवणीत नाझी राजवट आहे. नेदरलँड्समध्ये लोकसंख्येच्या सरकारी नोंदवह्या फार चोख होत्या आणि त्यात धर्मही लिहिलेला होता. देश नाझींच्या ताब्यात गेल्यावर याच वह्या ज्यू नागरिकांना शोधून काढण्यासाठी वापरल्या गेल्या. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही देशभक्तांनी अॅमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालयच पेटवून दिले. वह्या लिहिणाऱ्या कारकुनांचा हेतू वाईट नव्हता. वह्या मात्र वाईट हातात पडल्या.

लोकशाही देशातही भिंतीला भगदाड पडू शकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. कोणत्या वस्तीत हे लोक किती, याचे तक्ते जनगणना कार्यालयाने पुरवले होते. १९४२ मध्ये कायदा करून जनगणनेची गुप्तता युद्धकाळापुरती सैल करण्यात आली आणि १९४३ मध्ये वॉशिंग्टन शहरातील जपानी वंशाच्या लोकांची नावेही दिली गेली, हे संशोधकांनी २००७ साली कागदपत्रांसह दाखवून दिले.

दार न ठोठावता जनगणना

याच्या अगदी उलट चित्र डेन्मार्कमध्ये आहे. तिथे १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे. जन्म, पत्ता, शाळा, नोकरी, कर अशा निरनिराळ्या खात्यांच्या नोंदी या क्रमांकाने जोडता येतात. १९८१ साली डेन्मार्कने एकाही घराचे दार न ठोठावता केवळ या नोंदींवरून जनगणना केली. जगातली ही अशी पहिली जनगणना. १९९० मध्ये फिनलंडनेही तेच केले.

मग तिथले लोक संतापत कसे नाहीत? कारण वाहतूक एकाच दिशेने होते. खात्यांकडून माहिती सांख्यिकी कार्यालयाकडे जाते, पण व्यक्तीची माहिती तिथून कोणत्याही खात्याकडे परत येत नाही. करखात्याने 'अमक्याचे काय?' असे विचारले तर सांख्यिकी कार्यालय उत्तर देत नाही. विहिरीत पाणी पडावे, पण कोणाचा पोहरा कोणता हे पुन्हा वेगळे काढता येऊ नये, तसे हे.

त्याचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. नोंदी जोडून झाल्या की नाव आणि क्रमांक काढून त्या जागी खूण घातली जाते. अभ्यासकाला खूण दिसते, माणूस दिसत नाही. फार लहान आकडे छापत नाहीत. एखाद्या गावात एकच डॉक्टर असेल तर 'गावातील डॉक्टरांचे सरासरी उत्पन्न' हा आकडा म्हणजे त्या बिचाऱ्याच्या कमाईची जाहिरातच की!

तरी नुसत्या तंत्राने भागत नाही. स्वीडनमध्ये १९५३ साली जन्मलेल्या स्टॉकहोमच्या सुमारे १५ हजार मुलांच्या नोंदी संशोधकांनी वर्षानुवर्षे जोडून ठेवल्या होत्या. माहिती कुठे फुटली नव्हती, तरी १९८६ मध्ये वर्तमानपत्रांतून हे कळल्यावर देशभर गदारोळ झाला. शेवटी त्या नोंदींतून ओळख पटवणारा मजकूर काढून टाकावा लागला. लोकांचा राग माहिती वापरली यापेक्षा आपल्याला न सांगता वापरली, याचा होता.

आपल्या घरात

आपल्याकडे २०२१ ची जनगणना कोरोनामुळे लांबली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा दिवस ठरला. बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. स्वतः माहिती भरण्याची सोय आणि सर्व जातींची नोंद, या दोन्ही गोष्टी तिच्यात ठरल्या आहेत.

आधीच्या वेळी काय घडले, हे मात्र विसरता येत नाही. २०२० मध्ये घरयादीबरोबरच राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवही अद्ययावत करायचे ठरले होते. ही नोंदवही जनगणना कायद्याखाली नाही, नागरिकत्व कायद्याच्या नियमांखाली येते. नागरिकत्वाच्या प्रश्नावरून देशात वातावरण तापलेले होते. परिणाम असा झाला, की या नोंदवहीशी काडीचा संबंध नसलेल्या नमुना सर्वेक्षणाच्या कर्मचाऱ्यांनाही काही राज्यांत दारातून परत पाठवले गेले. लोक कलमे वाचत नाहीत, वातावरण वाचतात.

आणि माहिती दिली नाही तर नुकसान कोणाचे? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली किती लोकांना स्वस्त धान्य द्यायचे, हा सुमारे ८१ कोटींचा आकडा २०११ च्या जनगणनेवरून ठरला. त्यानंतर घराघरांत मुले जन्मली, सुना आल्या, लोकसंख्या वाढली. आकडा तिथेच राहिला. मोजले न जाण्याची किंमत बहुधा त्याच घराला मोजावी लागते, जिथे मोजण्याची भीती जास्त असते.

कायद्याची बाजू थोडी भक्कम होते आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन व आकडेवारीसाठी सूट आहे, पण त्याला अट आहे. ती माहिती एखाद्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरता येणार नाही. हीच ती भिंत. ती कागदावर आली, हे चांगले झाले. ती दारातल्या बाईलाही दिसली पाहिजे.

दारात माणूस आला की

घाबरून जाण्याचे कारण नाही, तसेच भाबडेपणाने सगळे सांगत सुटण्याचेही नाही. आधी ओळखपत्र पाहावे. मग एक प्रश्न शांतपणे विचारावा: "ही कोणत्या कायद्याखालची पाहणी आहे?" जनगणना असेल तर खरी माहिती देणे हे आपले कायदेशीर कर्तव्य आहे आणि ती गुप्त ठेवणे हे सरकारचे. घरात बँक सेवा वापरली जाते का, असे २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत विचारले गेले होते. खात्याचा क्रमांक, शिल्लक किंवा पासवर्ड यांचा जनगणनेशी संबंध नाही. ते मागणारा माणूस जनगणनेचा नव्हे, असे समजावे. योजनेची पाहणी असेल तर तिथले उत्तर आपल्या नावाने नोंदले जाणार आणि त्यावरून लाभ मिळणार किंवा जाणार, हे ध्यानात ठेवावे. तिथेही खरेच सांगावे. फक्त काय लिहिले, ते वाचून पाहावे आणि यादी लागली की चूक वेळीच दुरुस्त करून घ्यावी.

१९४८ च्या त्या जुन्या कायद्यात एक गंमतीदार सवलत आहे. रूढीमुळे पतीचे नाव घेता येत नसेल, तर ते सांगण्याची सक्ती स्त्रीवर करता येत नाही. आपल्याकडे नाव घ्यायला उखाणा लागतो, हे कायदा करणाऱ्यांना जणू ठाऊकच होते! घराच्या उंबऱ्याचा मान राखून प्रश्न विचारायचा, ही समज त्या एका ओळीत आहे. तीच समज आज यंत्र हातात घेऊन येणाऱ्यांनी दाखवायला हवी. येताना प्रश्नांबरोबर एक वाक्य आणावे: "हे कोणासाठी आहे, कुठे जाईल आणि कुठे जाणार नाही, ते आधी सांगते."

एवढे ऐकायला मिळाले तर आतल्या खोलीतला खोकला आपोआप थांबेल. कदाचित सासूबाईच बाहेर येऊन सांगतील, "लिहा बाई, मोटारसायकल आहे. हप्ते अजून फिटायचे आहेत, तेही लिहा!"