परिपाठातली दहा मिनिटे

शिरूर-दौंडकडच्या झेडपी शाळांची घंटा जूनच्या मध्यावर वाजते आणि आठवडाभरात २१ जूनचा योग दिन येतो. हा दिवस २०१५ पासूनचा. शाळेतला योग मात्र आपल्याकडे फार जुना. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालत आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला, कैवल्यधाम ही योगसंस्था उभारली. १९३७ मध्ये बी. के. एस. अय्यंगार पुण्यात योग शिकवायला आले, तेव्हा ते अवघे १८ वर्षांचे होते.

आज शाळेत योग घेताना शिक्षकांनी सांभाळायची पहिली गोष्ट वेळेची. दुपारच्या खिचडीनंतर लगेच आसने नकोत. सकाळचा परिपाठ किंवा शनिवारची सकाळची शाळा उत्तम. लहानांना ताडासन, वृक्षासन, भुजंगासन पुरे. श्वास रोखायला लावू नये, डोक्या-मानेवर भार देणारी आसने टाळावीत, आणि कोणाचा पाय किती वर गेला याची स्पर्धा तर नकोच. वर्षातून एकदा मैदानभर मुले बसवून फोटो काढण्यापेक्षा रोजची दहा मिनिटे कितीतरी मोलाची. पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत ती दहा मिनिटे जरूर मागा.