खनिज विकलं म्हणजे कमावलं का?

खाणकामाचा आर्थिक आढावा घेताना आपण सहसा एकच आकडा विचारतो : यंदा किती टन माल निघाला? या आकड्यातून काय कळतं आणि काय सुटतं, हे आज आपण गोव्याच्या लोहखनिजाच्या उदाहरणावरून पाहू.

गोव्याचं खनिज बरंचसं कमी प्रतीचं. ओडिशा किंवा छत्तीसगडच्या मानानं त्यात लोहाचं प्रमाण कमी, त्यामुळे सगळी मदार निर्यातीवर. मात्र एक सोय होती. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या खाणींतून ट्रकनं जवळच्या जेटीवर आणि तिथून मांडवी-झुआरीतून बार्जनं मुरगाव बंदरात माल जायचा. वाहतूक स्वस्त, म्हणून हलका मालही परवडायचा.

आता मेख कुठे आहे बघा. खाणीतून निघालेल्या मातीला ‘माल’ म्हणायचं की ‘टाकाऊ’, हे शेवटी बाजारभाव ठरवतो. २००० नंतर चीनमधलं पोलाद उत्पादन झपाट्यानं वाढलं, भाव चढले, आणि वर्षानुवर्षं डंपवर पडून राहिलेली मातीही बोटीत चढू लागली. २०१०-११ मध्ये गोव्यातून ५ कोटी टनांहून जास्त निर्यात झाली. पण चीनमध्ये २०११ च्या सुरुवातीला टनामागे १८० डॉलरच्या पुढे गेलेला चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव २०१५ च्या अखेरीस ४० डॉलरच्या खाली आला. मग कमी प्रतीच्या मालाचं काय होणार!

तेजीत गावागावांतल्या लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. २०१२ मध्ये शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र चालूच.

आता हिशेबाचा मुद्दा घेऊ. शेत यंदा पिकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा पिकतं. खनिज एकदाच निघतं. म्हणजे ते विकून आलेला पैसा हे निव्वळ उत्पन्न नसतं, त्यात आपलं भांडवलही विकलेलं असतं. घरातलं सोनं मोडून महिन्याचा किराणा भरला, तर त्याला आपण कमाई म्हणू का? २०१४ च्या त्याच निकालात विक्रीच्या रकमेतला १० टक्के हिस्सा कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं गेलं, त्यामागे पुढच्या पिढ्यांचाच विचार होता.

२०२२ च्या अखेरीस गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. बोली लावणारा विक्रीमूल्यातला ठरावीक टक्के हिस्सा सरकारला देतो, वर रॉयल्टी वेगळी. त्यामुळे टनामागे सरकारचा वाटा वाढतो, पण भाव पडला की तोही पडतो. म्हणून तेजीच्या वर्षातला पैसा त्याच वर्षी खर्चून टाकला, तर मंदीत हाती काही उरत नाही. तेव्हा टनांबरोबर आणखी दोन आकडे विचारायची सवय आपण लावून घेऊ : भाव काय मिळाला, आणि त्यातलं शिल्लक किती टाकलं?

पुढच्या व्याख्यानात हेच प्रश्न आपण दगडखाणी आणि वाळूला लावून पाहू.